अर्धा तांब्या

साळवे ब्रदर पहिल्यांदा आमच्या गावात आले तेव्हा त्यांचं काम होतं धोंडिबाच्या घरी, आणि गाडी लावली त्यांनी माझ्या दारात. लिंबाच्या सावलीला, ऐसपैस. गाडीच्या मागं दवाखान्याची लाल खूण असलेला डबा बांधलेला. झालं! दिवस मावळायच्या आत पारावरची दोघं-तिघं माझी तब्येत विचारून गेली, आणि आष्टीहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, कावून सांगितलं न्हाई आमाला? कितव्या ष्टेजला हाय?"

मी तणतणत बाहेर आलो. ब्रदर गाडीवर टांग टाकतच होते.

"ओ, ज्याच्या घरी काम त्याच्या दारात लावा की गाडी! माझं दार म्हंजे काय ष्टँड हाय का?"

"त्यांच्या दारात लावली की गाव त्यांच्याकडं बघतं, साहेब. पोराची आई आधीच बेजार हाय," ते म्हणाले. "तुमच्याकडं बघून बघून गाव किती बघणार?"

आणि गेले की निघून! मला पहिल्यापासून असल्या मऊ बोलणाऱ्या माणसांचा राग. मऊ बोलणारा हमखास बिनतिकिटाचा असतो.

मी एसटीत कंडक्टर होतो. माणसावर विश्वास ठेवणं हे माझं कामच नव्हतं. मिशी फुटायला आलेलं पोरगं मांडीवर घेऊन "पाचवं न्हाई सरलं अजून" म्हणून सांगणाऱ्या आया मी उभ्या जन्मात पाहिल्या. पोरंसुद्धा पढवलेली असायची. वय विचारलं की आधी आईच्या तोंडाकडं बघायची आणि मग बोलायची. ती एक नजर मला पुरायची. रिटायर झालो तरी डोळ्यांतली ती खोड काही गेली नाही. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी पुजाऱ्याकडं असं बघता की त्यानं नारळ चोरलाय.

तर धोंडिबा माझा शेजारी. मेंढरं-शेळ्या राखणारं धनगराचं घर. मुलगा कळप घेऊन लांब चरायला गेलेला, अधूनमधून येऊन जाणारा. घरात म्हातारा धोंडिबा, सून मंगल आणि नातू किसना. किसना चौथीत होता. त्याच्या मांडीच्या हाडात कॅन्सर निघाला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात सगळं करून झालं, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, आता पोराला घरी न्या. म्हणजे काय, ते मंगलला कुणी फोडून सांगावं लागलं नाही.

पोरगं घरी आलं आणि मागोमाग हे ब्रदर आले. बीडहून. कुठल्याशा संस्थेचे पुरुष-नर्स. अशा लेकरांच्या घरी जायचं, त्यांना दुखू द्यायचं नाही, घरच्यांना आधार द्यायचा, असलं काहीतरी काम. बरं करायचं नाही! नुसतं दुखू द्यायचं नाही. आता हे ऐकून कुणाला संशय येणार नाही? चहाच्या टपरीवर तर एकजण उघडच म्हणाला, "हा ज्या घरी जातो तिथलं लेकरू ऱ्हात न्हाई." आणि गोष्ट खरी होती, हीच तर पंचाईत. ब्रदर जात होते तेच मुळी तसल्या घरी. पण गावाला उलटा हिशेब पटकन कळतो.

माणूस दिसायला कसा, तर आडव्या अंगाचा, पन्नाशीच्या पुढचा. केसांना मेंदी लावायचे, पण कानामागं विसरायचे, त्यामुळं तिथं पांढरी पट्टी. तळहात भाकरीएवढे. आले की चपला बाहेर, घड्याळ काढून खिशात, आणि थेट जमिनीवर फतकल. खाट पुढ्यात असली तरी जमिनीवर. पोरगं वर आणि हे खाली, म्हणजे पोराला मान वर करून बघायला नको. आधी बोलणं पोराशी, घरच्यांशी नंतर. डॉक्टर-नर्स लोक आधी आईबापाला विचारतात ना, "काय म्हणतोय पेशंट?" तसं नाही. हा माणूस किसनाला विचारायचा, "काय मालक, आज काय करायचं?"

आणखी एक. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस उंबऱ्यातूनच म्हणतो, "बरं हुईल, बरं हुईल." पाव्हण्यानं तेवढं म्हणायचंच असतं. ब्रदर कधी म्हणजे कधी म्हणाले नाहीत. मंगलनं एकदा पदर पसरून विचारलं, "एकदा तरी म्हणा वो, बरं हुईल म्हणून." मी दोन घरांमधल्या कुडाच्या अल्याड उभा होतो, मला वाटलं आता म्हणेल. तर म्हणाले, "मंगल, आजचं बोलू. आज त्याला काय खावंसं वाटतंय?" मला असा संताप आला! दोन शब्द टाकायला काय जातं तुझ्या बापाचं?

आणि पाणी. आल्या आल्या पाणी मागायचे, अगदी मोठ्यानं. स्वतःची बाटली कधी आणली नाही. मंगल तांब्या द्यायची, हे तो वर धरून अर्धा प्यायचे आणि अर्धा परत द्यायचे. नेहमी अर्धाच. पहिल्या वेळी त्यांचं आडनाव कळलं होतं, आणि आडनाव कळल्यावर आमच्याकडं काही तोंडं आपोआप वाकडी होतात. धोंडिबानं तो उरलेला अर्धा तांब्या अंगणात ओतून टाकला. ब्रदरांनी पाहिलं. मी पाहिलं.  घरची माणसं उरलेल्या पाण्याचं काय करतात त्यावरून ब्रदर घर ओळखत असावेत, असा माझा संशय आहे. पुढच्या खेपेला परत मागितलं, परत अर्धं ठेवलं, परत ओतलं गेलं. चिवट माणूस!

मग औषधाची भानगड झाली. छोट्या बाटलीतलं औषध, ठरल्या वेळी द्यायचं. नाव मॉर्फिन. गावातल्या एका शहाण्यानं मोबाईलवर बघितलं आणि पारावर जाहीर केलं, "ही अफू हाय! पोराला अफू पाजून गप करायलेत." धोंडिबा काठी घेऊनच बसला. ब्रदर आले, खाली बसले, पाणी प्यायले.

"अफू देता का वो माझ्या नातवाला?"

"व्हय आबा. अफूपासनंच होतंय ते औषध."

मी चाटच पडलो. चोर कधी असा कबूल होतो का? का हा मुरलेला चोर?

"दुखणं मोठं हाय, म्हणून औषध मोठं हाय," ब्रदर म्हणाले. "मापात दिलं तर पोरगं झोपंल, जेवंल, बोलंल. एवढंच. त्याच्या पलीकडचं मी काय सांगत न्हाई."

धोंडिबानं काठी खाली ठेवली, पण मन नाही. औषध द्यायचं ठरवलं ते मंगलनं. रात्र-रात्र पोरगं ओरडताना तिनं ऐकलं होतं. तिला अफूही चालली असती आणि विषही गोड वाटलं असतं, इतकी ती थकली होती.

आता सरपंचाबद्दल सांगायला पाहिजे. सरपंच म्हणजे बोकड. काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा. जन्मला तशी त्याची आई मेली, किसनानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. दिसेल ते खातो म्हणून नाव सरपंच. आमचे खरे सरपंच काही दिवस रागावले होते, मग त्यांनाही सवय झाली. किसना आजारी पडला तसा धोंडिबा बिरोबाला नवस बोलला: पोराचं दुखणं थांबू दे, हा बोकड तुला. त्या घरात तो एकच बोकड तेवढा देखणा होता, आणि देवाला हिणकस देऊन चालत नाही.

ब्रदर दर खेपेला किसनाला विचारायचे, "बोटं दाखव. काय दुखत नसंल तर मूठ, लईच दुखत असंल तर सगळी बोटं." आणि किसना दोन्ही हातांची सगळी बोटं वर करायचा. औषध सुरू झाल्यावरही सगळी. औषध वाढवलं, तरी सगळी. मंगल म्हणायची, झोपतो बाई, परवा भाकरीचा पापुद्रा मागून खाल्ला, पण विचारलं की लई दुखतंय म्हणतो. धोंडिबाला हेच हवं होतं. "बघा! औषध खोटं हाय. गरिबाच्या लेकरावर परयोग करायलेत." पारावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पोराचं दुखणं आणि ह्याचं औषध, दोघांत एकजण खोटं बोलत होतं, आणि पोरावर कोण संशय घेणार?

ब्रदरांनी घेतला.

एक दिवस ते न सांगता आले, एसटीनं. आभाळ भरून आलेलं, गार वारं सुटलेलं. माझ्या दारात येऊन हळूच म्हणाले, "कंडक्टरसाहेब, तुमच्या परसातनं धोंडिबाआबांचं अंगण दिसतंय का?"

"कावून?"

"बघायचंय."

मला वाटलं, आता सापडला! चोरून बघणारा माणूस सरळ नसतो. मुद्दाम त्याला परसात नेला आणि शेजारीच उभा राहिलो. कुडापल्याड ओट्यावर किसनाची खाट. जवळ कुणी नाही. सरपंच खाटेवर पुढचे पाय देऊन उभा आणि किसना त्याच्या तोंडातनं आपल्या टोपीचं टोक ओढतोय. हसतोय! शिव्या देतोय! "सोड रं मुडद्या, तुझ्या आयला!" असा खिदळत होता की मला माझ्या कानावर विश्वास बसेना.

ब्रदर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या गाडीत पोरं वय चोरायची का वो?"

"चोरायची की. आया पढवायच्या."

"ह्याला कुणी पढवलं असंल?"

 उभा जन्म पोरांची चोरी पकडली, आणि हे पोरगं माझ्या कुडापल्याड बिनतिकीट चाललं होतं.

आम्ही दोघं तिकडं गेलो. आम्हाला बघताच किसनानं तोंड वाकडं केलं आणि सगळी बोटं वर. ब्रदर खाली बसले. पाणी मागितलं. बोटांचं काहीच बोलले नाहीत. बोकडाच्या कानामागं खाजवत विचारलं, "मालक, सरपंचाचं काय ठरलंय?"

पोराचा चेहरा उतरला.  मग इतकं हळू बोलला की मला पुढं वाकावं लागलं. "माझं दुखायचं थांबलं की त्याला कापणार हायेत."

आई गं! मंगल तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं पुढं येऊन तो ब्रदरांच्या पुढ्यात ठेवला.

"असं व्हय," ब्रदर म्हणाले. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "पण तू रोज दहा बोटं दाखवलीस, अन् एक दिवस खरंच दहा बोटांचं दुखलं, तर मला कसं कळायचं रं? मी बीडला असणार. तुझ्या आईला कसं कळायचं?"

किसना बोकडाकडं बघत राहिला. त्याला ते सगळं कळत होतं. कळूनच तो तसं करत होता.

ब्रदर तांब्या हातात घेऊन धोंडिबाकडं आले. नेहमी आल्या आल्या प्यायचे, आज अजून एक घोटही घेतला नव्हता. म्हाताऱ्यानं दारातनं सगळं ऐकलं होतं, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आबा, नवसाचं..."

"नवसात पडू नका!" धोंडिबा कडाडला. "शब्द दिलाय देवाला. तो फिरवला तर पोराच्याच अंगावर यायचा. अन् तुमी सांगणार आमाला? तुमच्यात तर देवच न्हाई."

"न्हाई. म्हणूनच इचारतो. मला म्हाईत न्हाई," ब्रदर म्हणाले. "बोकड देवाला पायजे का न्हाई, हे तुमाला कसं कळतं?"

धोंडिबा घुटमळला. "पाणी शिंपडायचं अंगावर. अंग झाडलं तर देवानं घेतला."

"अन् न्हाई झाडलं तर?"

"तर घेतला न्हाई. मग सोडून द्यायचा त्याच्या नावानं. पण ते कापायच्या दिशी करतात, आसं मधीच न्हाई."

"दुखणं थांबलं की, असंच बोललाय ना देवाला? मग दुखणं थांबलंय आबा. तुमी आत्ता आईकलं. आजचं आजच इचारा देवाला."

आणि एवढं बोलून त्यांनी तांब्या वर धरला आणि गटागटा प्यायले. सगळा. मग तांब्या धोंडिबाच्या हातात दिला.

धोंडिबानं तांब्यात बोटं घातली. क्षणभर थांबला. आत बघितलं, ब्रदरांकडं बघितलं. ब्रदर तिसरीकडंच, आभाळाकडं बघत होते. मी तिथंच, हाताच्या अंतरावर. खाटेवरनं किसना मान उंच करून बघत होता. त्याला दिसत होता तो फक्त आज्याचा हात.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" धोंडिबा ओरडला आणि त्यानं बोकडाच्या पाठीवर हात झाडला. एकदा. पुन्हा. पुन्हा. सरपंच टोपीचा धागा चघळत उभा. त्याच्या काळ्या पाठीवर एक थेंब दिसत नव्हता. पाठ कोरडी ठणठणीत, मग कशाला अंग झाडतोय तो?

"घेतला न्हाई," धोंडिबा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "देवाला नगं हाय."

"मग, आबा?" खाटेवरनं.

"मग काय? सोडला त्याला. तुझा तूच सांभाळ तुझा सरपंच."

थोडा वेळ गेला. किसनानं उशीत तोंड घातलं, बाहेर काढलं. ब्रदर परत त्याच्या खाटेपाशी खाली जाऊन बसले होते. न विचारता त्यानं हात वर केला. दोन बोटं होती. मंगल भिंतीकडं तोंड करून रडली.

पुढं खरंच तो दिवस आला. दुपारची वेळ, किसनानं दोन्ही हातांची सगळी बोटं वर केली, आणि घरात कुणी क्षणभरसुद्धा शंका घेतली नाही. मंगलनं ब्रदरांना फोन लावला, त्यांनी किती वाढवायचं ते सांगितलं, आणि स्वतः संध्याकाळच्या आत पोचले. बोटं एकेक करून खाली आली. त्यानंतर काही दिवसांनी, सकाळच्या उन्हात, आईच्या मांडीवर तो गेला. सरपंच खाटेच्या पायाला बांधलेला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मंगल एकच सांगायची, "दुखलं न्हाई माझ्या लेकराला." मी ते ऐकायचो आणि घरी येऊन रडायचो. त्यात कसली लाज?

दहावं झाल्यावर ब्रदर आले तेव्हा पारावर कुजबुज झालीच, आता काय ऱ्हायलंय न्यायला? तोवर झालं असं होतं की, मंगलला त्रास नको म्हणून घरादारानं, गावानं किसनाचं नावच घेणं सोडलं होतं. ब्रदर रिकाम्या खाटेपाशी खाली बसले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "किसना असता तर आज सरपंचाला माझी टोपी खायला लावली असती." मी मनात म्हटलं, मेला, हे कशाला बोलला? आणि मंगल बोलायला लागली. सबंध दुपारभर बोलली, किसना, किसना, किसना. मध्येच हसलीसुद्धा.

निघताना मी त्यांना गाडीपाशी गाठलं. "ब्रदर, खरं सांगा. त्या दिशी तांब्या मुद्दाम रिकामा केला का?"

"तहान लागलती, साहेब."

"तहान? आभाळ भरून आलतं, गार वारं होतं."

"तहानेला आभाळाचं काय घेणं?" आणि किक मारून गेले. पकडायचा म्हटलं तर पुराव्याला काही नव्हतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते चैत्रात. नंतर त्यांना कुठं लांब पाठवलं म्हणतात, आणि आता तरणी सिस्टर येते. त्या दिवशी मागच्या आळीतल्या एका छोट्या पोरीसाठी ते आले होते. ऊन असं की कावळा झाडावरनं हलेना. गाडी अर्थातच माझ्या दारात. पारावरनं एकानं हाळी दिली, "कंडक्टर, आता कोण आजारी तुमच्याकडं?"

"मीच," मी म्हटलं. "चक्कर येती. माझ्यासाठीच आलेत."

ब्रदरांनी डबा सोडता सोडता माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात धोंडिबा आला, न मागता पाण्याचा तांब्या घेऊन. मागं सरपंच, आता चांगला दांडगा झालेला, शिंगं वळलेली. बीडपासनं तसल्या उन्हात आलेला माणूस. त्यांनी तांब्या वर धरला आणि प्यायले. अर्धा. अर्धा परत दिला.

बघा आता! भर चैत्रात अर्धा तांब्या पुरतो ह्या माणसाला.

धोंडिबानं तो उरलेला अर्धा तांब्या स्वतःच्या तोंडाला लावला. चांगले दोन-तीन घोट घेतले, आणि तळाचं पाणी सवयीनं बाजूला फेकलं. ते पडलं सरपंचाच्या पाठीवर. आणि बोकडानं शिंगापासनं शेपटीपर्यंत सगळं अंग असं झाडलं, असं झाडलं, की शिंतोडे आम्हा तिघांच्या तोंडावर आले.

 धोंडिबानं बिरोबाच्या टेकाडाकडं बघितलं, बोकडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कंडक्टर, तुमी काय बघितलं?"

"मी रिटायर हाय," मी म्हणालो.

धोंडिबाचे डोळे भरून आले. त्यानं बोकडाच्या गळ्यात हात टाकला आणि त्याला घराकडं घेऊन गेला. ब्रदरांनी बाहीनं तोंड पुसलं, डबा उचलला आणि मागच्या आळीत वळले. तिथल्या दारात चपला काढून, घड्याळ खिशात टाकून ते मोठ्यानं म्हणत होते, "ताई, जरा प्यायला पाणी देता का?"